'लंडनडेरी एअर' : एका निनावी सुरावटीच्या उगमाचा शोध

(द्वितीय वर्ष कला)

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. लोकसंगीताच्या बाबतीत हा उपदेश जरा जास्तच मनावर घेतला गेला आहे. चालीखाली 'पारंपरिक' असा एक शब्द लिहिला की ती कोणाची, कोठून आली, कोणी कोणाला शिकवली हे सारे प्रश्न एका फटक्यात मिटतात. परंतु हा शब्द म्हणजे प्रश्नावर घातलेले पांघरूण आहे, असे मला एका सुरावटीचा इतिहास वाचताना वाटू लागले. ती सुरावट आयर्लंडची. जगात ती 'लंडनडेरी एअर' या नावाने ओळखली जाते. 'एअर' म्हणजे चाल. 'डॅनी बॉय' हे इंग्रजी गाणे ज्या चालीवर म्हटले जाते, तीच ही. आपल्यापैकी अनेकांनी ती एखाद्या चित्रपटात किंवा मोबाईलवर नाव ठाऊक नसतानाही ऐकली असेल.

इंग्रजीच्या तासाला थॉमस मूर या आयरिश कवीविषयी शिकवताना आमच्या सरांनी या चालीचा ओझरता उल्लेख केला. त्यानंतर ग्रंथालयात आणि इंटरनेटवर जे जे हाती लागले ते वाचत गेले. प्रस्तुत लेखात या चालीच्या उगमाविषयीची निरनिराळी मते मांडून, त्यांपैकी कोणते कितपत टिकते हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. संगीतातील माझी शिदोरी म्हणजे शाळेत हार्मोनियमवर गिरवलेले सरगम. पण या शोधाचा बराचसा भाग पुराव्याविषयी आहे, आणि पुरावा तोलून पाहणे हे कला शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याचे कामच आहे.

चालीचे रूप

प्रथम चाल कशी आहे ते पाहू. तिचे सारे स्वर शुद्ध आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ती बिलावल थाटात बसते. खालच्या निषादावरून ती उठते : नि सा रे ग, रे ग ध प ग रे सा, आणि तेथून पुन्हा खाली मंद्र सप्तकातील धैवतावर येऊन टेकते. पहिला अर्धा भाग असा मंद्र धैवतापासून मध्य धैवतापर्यंतच फिरतो. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र चाल पंचमावरून वर निघते आणि शेवटाकडे एकदम तार सप्तकातील गांधाराला जाऊन भिडते. ऐकणाऱ्याच्या काळजात जे काही हलते ते बहुधा येथेच. मंद्र धैवत ते तार गांधार म्हणजे दीड सप्तकाहून अधिक विस्तार झाला. सर्वसामान्य माणसाने काम करता करता गुणगुणण्याच्या गाण्याला एवढा विस्तार सहसा नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे शंका उपस्थित झाली ती यावरूनही.

छापील पान काय सांगते?

या चालीचा खात्रीचा पहिला पुरावा १८५५ सालचा आहे. त्या वर्षी डब्लिन येथे जॉर्ज पेट्री (१७९० ते १८६६) यांचा आयर्लंडच्या प्राचीन संगीताचा संग्रह प्रसिद्ध झाला. पेट्री हे चित्रकार होते आणि पुरातत्त्वाचे जाणकारही. आयरिश चालींचे जतन व प्रकाशन करण्यासाठी १८५१ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने हा ग्रंथ काढला. काळ कोणता होता ते पाहिले की या कामाची तातडी कळते. १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देश सोडून गेली. गरीब, आयरिश बोलणारी, निरक्षर माणसे यांत सर्वांत अधिक होती, आणि गाणी होती ती त्यांच्याच कंठात. माणूस गेला की गाणे गेले, अशी स्थिती होती.

पेट्रींच्या ग्रंथात ही चाल नावाशिवाय छापली आहे. ती आपल्याला परगणा लंडनडेरीतील न्यूटाउन लिमॅव्हॅडी या गावच्या मिस जेन रॉस यांच्याकडून मिळाली, त्यांनी आपल्या परगण्यातील अप्रकाशित चालींचा मोठा संग्रह केला आहे, अशी कृतज्ञतेची नोंद पेट्री करतात. चालीचे नाव मिस रॉस यांना कळू शकले नाही. ती फार जुनी आहे एवढेच त्यांनी कळवले, आणि पेट्रींनाही ते पूर्णपणे पटले.

बस्स, एवढेच. चाल कोणी वाजवली, कोणत्या वाद्यावर वाजवली, की कोणी गायली. कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी. तिला शब्द होते की नव्हते, यांतले काहीही त्या पानावर नाही. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, आज जगात ही चाल जेथे जेथे वाजते तेथे ती अखेरीस या एकाच पानापासून आलेली आहे. दुसऱ्या कोणत्याही संग्राहकाला ती याच रूपात कोणाच्या तोंडून ऐकायला मिळाली नाही.

ऐकीव कथा पहिली : अंध फिडलवादक

जेथे कागद गप्प असतो तेथे कथा बोलू लागतात. लिमॅव्हॅडीत सांगितली जाणारी कथा अशी : सन १८५१ च्या सुमारास एका बाजाराच्या दिवशी जिमी मॅककरी नावाचा एक अंध वादक जेन रॉस यांच्या घरासमोरच्या रस्त्यावर फिडल वाजवीत बसला होता. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. लोकसंगीतात त्याला हे घरगुती नाव आहे. ती अनोळखी चाल ऐकून मिस रॉस बाहेर आल्या, त्याच्याकडून ती पुन्हा पुन्हा वाजवून घेतली आणि तेथल्या तेथे कागदावर उतरवली.

कथा अशक्य मुळीच नाही. मॅककरी ही खरी व्यक्ती होती. १८३० ते १९१० हा त्याचा जीवनकाळ दिला जातो. आंधळ्या माणसाने वादनावर पोट भरणे ही त्या देशातील जुनी रीत होती. शिवाय चालीत लांबवलेले, ओढलेले स्वर पुष्कळ आहेत, आणि गजाच्या वाद्यावर स्वर हवा तितका लांबवता येतो. तरीही हे सारे ऐकीव आहे. रॉस किंवा पेट्री यांनी त्याचे नाव कोठेही छापलेले नाही.

ऐकीव कथा दुसरी : रोरी डाल आणि परीचा हार्प

दुसरी कथा याहून जुनी आणि अधिक रम्य आहे. लिमॅव्हॅडीचा परिसर ही एकेकाळी ओकाहन या आयरिश घराण्याची जहागीर. रो नावाच्या नदीकाठी त्यांचा किल्ला होता. या घराण्यातील रोरी डाल ओकाहन हा सतराव्या शतकातील नामांकित हार्पवादक. 'डाल' म्हणजे आंधळा. कथा सांगते की, तो नदीकाठी झोपला असताना त्याच्या कानी परीने छेडलेल्या हार्पचे सूर आले. जागा होऊन त्याने तीच चाल आपल्या हार्पवर वाजवली. तिलाच 'ओकाहनचा विलाप' म्हणतात, आणि 'लंडनडेरी एअर' ती हीच.

विलाप कशाचा, हे समजण्यासाठी थोडा इतिहास हवा. १६०९ पासून इंग्लंडच्या राजसत्तेने अल्स्टर प्रांतातील आयरिश सरदारांच्या जमिनी काढून घेऊन तेथे इंग्रज व स्कॉटिश लोकांची वसाहत सुरू केली. ओकाहन घराण्याचा शेवटचा प्रमुख लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवासातच मेला. 'डेरी' या जुन्या नावाच्या मागे १६१३ च्या राजसनदेने 'लंडन' हा शब्द जोडला गेला, कारण वसाहतीचा खर्च लंडनच्या व्यापारी संघांनी उचलला होता. शहराला डेरी म्हणावे की लंडनडेरी, हा वाद आजही मिटलेला नाही. चालीच्या नावातच असा गमावलेल्या जमिनीचा इतिहास आहे. आपली गेलेली जहागीर, आपला आंधळा कलावंत आणि आपली चाल यांना एका सूत्रात ओवणारी कथा त्या लोकांना प्रिय वाटावी, यात नवल नाही.

पण प्रिय असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. ही चाल रोरी डालची असल्याचा सतराव्या किंवा अठराव्या शतकातील एकही लेखी दाखला नाही. त्यातच घोटाळा असा की, रोरी डाल नावाचा दुसराही एक हार्पवादक होऊन गेला. तो स्कॉटलंडचा मॉरिसन, जवळजवळ अर्धशतक नंतरचा. ओकाहननेही बराच काळ स्कॉटलंडमध्ये घालवला होता. त्यामुळे एकाच्या रचना दुसऱ्याच्या नावावर जाण्याचे प्रकार घडले आहेत. तेव्हा या कथेचा उपयोग लोकांच्या मनाचा इतिहास म्हणून करावा. चालीचा इतिहास म्हणून करता येत नाही.

शंका आणि एक नामी तर्क

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस चाल जशी जगभर पोचली तशी अभ्यासकांत शंकाही वाढली. ही खरोखर लोकचाल असेल, तर तिची भावंडे कोठे आहेत? लोकसंगीतात एकच चाल दहा गावांत दहा रूपांत सापडते. हिचे दुसरे रूप कोणालाच सापडेना. दीड सप्तकाहून मोठा विस्तार आणि नेहमीच्या आयरिश गीतांच्या छंदांत न बसणारी लांबी, हेही खटकणारे होते. मग मिस रॉस यांनी ती स्वतःच तर रचली नसेल? असा संशय घेणारेही निघाले.

या वादाला वेगळे वळण दिले ते अ‍ॅन गेडेस गिलख्रिस्ट या इंग्लंडमधील विदुषीने, १९३४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात. चालीच्या स्वरांपेक्षा तिच्या लयीवर त्यांनी बोट ठेवले. मिस रॉस यांनी ऐकलेला कलावंत स्वरांवर मनसोक्त रेंगाळत असावा. त्याने लांबवलेले स्वर रॉसबाईंनी मोजून तितक्याच मात्रांचे लिहिले. आणि म्हणून मुळात तीन-तीन मात्रांनी चालणारी चाल कागदावर चार-चार मात्रांची झाली, असा त्यांचा तर्क.

आपल्या परिचयाचा दाखला घेऊन हे समजून घेता येईल. दादऱ्याच्या अंगाने जाणारे एखादे गाणे गायक ठेका सोडून, प्रत्येक आवर्तनाच्या आरंभीचा स्वर लांबवत गाऊ लागला, आणि ते ठेका न ऐकता कोणी लिहून घेतले, तर कागदावर ते केरव्यासारखे दिसू शकेल. गिलख्रिस्टबाईंनी उलट वाट धरली. जादा लांबवलेले स्वर आखडते घेऊन त्यांनी चाल पुन्हा तीन मात्रांत बसवली. जे रूप हाती आले ते नेहमीच्या आयरिश लोकचालीसारखे, ओळखीच्या चेहऱ्याचे होते.

हा तर्क मला विशेष आवडला. यात जेन रॉस यांच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. उलट त्यांनी ऐकले तसे इमानाने लिहिले, असेच गृहीत धरले आहे. तथापि तर्क तो तर्कच. आखडते घेतलेले ते रूप कोणी कधी खरोखर वाजवले होते, याचा दाखला गिलख्रिस्टबाईंच्या हाती नव्हता. तो मिळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

मॅगिलिगनचा वृद्ध हार्पवादक

१९७४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील ह्यू शील्ड्स या लोकगीतांच्या अभ्यासकाने एक जुनी चाल पुढे आणली. 'आश्लिंग अन ओगिर', म्हणजे 'तरुणाचे स्वप्न', हे तिचे नाव. गिलख्रिस्टबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी केवळ तर्काने सिद्ध केलेल्या रूपाशी तिचे विलक्षण साम्य होते. आणि ही चाल कागदावर होती १७९६ पासून.

तिची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमधील हार्पवादनाची परंपरा शेवटचे श्वास घेत होती. ज्या सरदारांच्या दिवाणखान्यात हे वादक वाजवीत ते सरदारच उरले नव्हते. म्हणून जुलै १७९२ मध्ये बेलफास्टच्या काही नागरिकांनी हार्पवादकांचे एक संमेलन भरवले. आयर्लंडचे अवघे दहा वादक जमले. त्यांतले सहा अंध होते. एक स्त्री होती, रोझ मूनी, तीही अंधच. त्यांचे संगीत लिहून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या चर्चमधील ऑर्गनवादकाकडे दिले होते. बंटिंग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. माझ्याच वयाच्या मुलाच्या लेखणीवर एका देशाचे शेकडो वर्षांचे संगीत टेकलेले होते, हे वाचून मी काही क्षण पुस्तक मिटून बसले. जुन्या चालींत पदरचा एकही स्वर घालू नये, अशी सक्त ताकीद त्याला दिली होती. पुढे छापताना पियानोच्या सोयीसाठी त्याने फेरफार केलेच; पण त्याची हस्तलिखिते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात राहिली आहेत, त्यामुळे पडताळा घेता येतो.

या दहांत सर्वांत वयोवृद्ध होता डेनिस हेम्पसन. परंपरेने त्याचे जन्मवर्ष १६९५ दिले जाते, म्हणजे संमेलनाच्या वेळी तो सत्त्याण्णव वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी देवी येऊन त्याची दृष्टी गेली. बाराव्या वर्षापासून तो हार्प शिकू लागला, आणि त्याची पहिली गुरू एक स्त्री होती. तिचे नाव ब्रिजेट ओकाहन. संमेलनात जुन्या पद्धतीने, वाढवलेल्या नखांनी पितळी तारा छेडणारा तो एकटाच उरला होता. १७०२ साली बनवलेला त्याचा हार्प आजही जतन केलेला आहे. हेम्पसन १८०७ मध्ये वारला. त्याच्याकडून बंटिंगने ज्या चाली घेतल्या त्यांत 'तरुणाचे स्वप्न' ही एक होती.

आता ठिकाण पाहा. हेम्पसन राहत होता मॅगिलिगन येथे. जेन रॉस यांचे लिमॅव्हॅडी तेथून काही मैलांवर, त्याच परगण्यात. साठ वर्षांच्या अंतराने, एवढ्याशा टापूत, एकमेकींशी नाते सांगणाऱ्या दोन चाली लिहिल्या जाव्यात, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. मॅककरीची कथा खरी धरली, तरी तो हेम्पसनच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी जन्मला. म्हणजे मध्ये आणखी कोणीतरी असले पाहिजेत. एक, दोन किंवा अधिक. त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, पण ते होते, एवढे नक्की. ब्रिजेटचे आडनाव पाहून रोरी डालची कथा खरी ठरत नाही, कारण त्या टापूत ते आडनाव अनेकांचे होते. परंतु त्या घराण्याच्या नावाची आठवण हार्पभोवती का घुटमळत राहिली असावी, याचा थोडा उलगडा मात्र होतो.

उरलेला दुवा

एक अडचण राहत होती. बंटिंगच्या चालीत 'लंडनडेरी एअर'चा तो तार सप्तकात चढणारा, काळजाला हात घालणारा भाग दिसत नाही. तो आला कोठून? सन २००० मध्ये ब्रायन ऑडली यांनी या चालीच्या मुळाविषयी एक सविस्तर संशोधनलेख प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, 'तरुणाचे स्वप्न' या गाण्याला जोडून म्हटले जाणारे एक पालुपद होते. काळाच्या ओघात ते चालीच्या अंगातच मुरले आणि तिचा दुसरा अर्धा भाग बनून बसले. ध्रुपद अंतऱ्यात मिसळून जाणे ही तोंडी परंपरेत घडू शकणारी गोष्ट आहे, आणि चालीच्या असाधारण विस्ताराचाही उलगडा यामुळे होतो.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या थॉमस मूरमुळे मी या शोधाला लागले त्यानेच १८०८ मध्ये आपल्या 'आयरिश मेलडीज' या मालेच्या पहिल्या भागात 'तरुणाचे स्वप्न' या चालीवर इंग्रजी गीत लिहिले होते. म्हणजे एकाच उगमातून दोन प्रवाह निघाले. एक पुस्तकातून पियानो असलेल्या सुखवस्तू घरांत गेला आणि छापल्या रूपात स्थिर झाला. दुसरा मॅगिलिगन-लिमॅव्हॅडीच्या रस्त्यांवर, निरक्षरांच्या बोटांत आणि कंठांत राहिला; तो लांबला, वळला, पालुपद पोटात घेऊन वाढला. जगाने डोक्यावर घेतले ते या दुसऱ्याला.

नावे कोणाची उरली?

१८५५ नंतरचा इतिहास सरळ आहे, कारण तो लिहिता येणाऱ्यांचा आहे. आल्फ्रेड पर्सिव्हल ग्रेव्हज यांनी चालीवर शब्द रचले. चार्ल्स स्टॅनफर्ड यांनी १९०२ मध्ये आपल्या पहिल्या 'आयरिश ऱ्हॅप्सडी'त ती वाद्यवृंदासाठी वापरली. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पर्सी ग्रेंजर यांची पियानोरचना १९११ मध्ये आली. आणि फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाने १९१० मध्ये लिहून ठेवलेले 'डॅनी बॉय' हे गीत, अमेरिकेतील कोलोरॅडोहून त्याच्या नातलग स्त्रीने १९१२ मध्ये ही चाल पाठवल्यावर, तिच्यावर बसवून १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गाण्याला जग आयर्लंडचा आत्मा समजते त्याचे शब्द एका इंग्रजाचे आहेत. यांतल्या प्रत्येकाचे नाव, साल, प्रकाशक सारे काही नोंदलेले आहे. मिस रॉस यांना चाल ऐकवणाऱ्याचे मात्र नाव नाही.

'निनावी' हा शब्द आपण लोकसंगीताचा जणू गुणधर्म असल्यासारखा वापरतो. मला ते मान्य होत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला मुखोद्गत आहेत. कोणती ओवी कोणाची असे विचारले तर ती क्षणाचाही विचार न करता सांगते : ही माझ्या आईची, ही थोरल्या जावेची, ही माहेरच्या शेजारणीची. तिच्या दृष्टीने एकही ओवी निनावी नाही. ती निनावी होईल ती माझ्यासारखी कोणी शिकलेली मुलगी वही घेऊन बसली आणि नाव विचारायला विसरली, तर. रस्त्यावरच्या त्या वादकालाही आपण चाल कोणाकडून शिकलो हे ठाऊक असणारच. त्याला ते विचारले गेले नाही, किंवा त्याने सांगितलेले लिहिले गेले नाही.

हे मी जेन रॉस यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. १८१० मध्ये जन्मलेल्या, लहान गावात राहणाऱ्या त्या स्त्रीने कान उघडे ठेवून चाली टिपल्या नसत्या, तर आज शोध घ्यायला चालच उरली नसती. त्यांच्या काळी सुरावट हेच धन समजले जाई. ते जपणारा माणूस नोंदण्याची रीत अजून पडलेली नव्हती.

समारोप

एकूण विचार करता पुरावा तीन पायऱ्यांवर उभा आहे. १८५५ ची रॉस-पेट्री यांची नोंद आणि १७९६ ची बंटिंगची नोंद या पक्क्या. मॅककरी आणि रोरी डाल यांच्या कथा ऐकीव. पहिली संभवनीय, दुसरी केवळ रम्य. गिलख्रिस्ट, शील्ड्स आणि ऑडली यांचे निष्कर्ष म्हणजे अनुमाने. पण एकमेकांना आधार देणारी, आणि म्हणून बळकट. माझ्या मते 'लंडनडेरी एअर' हेम्पसनच्या परिसरात वाजणाऱ्या 'तरुणाचे स्वप्न' या चालीतूनच, दोन-तीन पिढ्यांच्या हातांतून बदलत आली, असे मानणे सर्वांत सयुक्तिक आहे. तिला एक कर्ता नाही. तिला कर्त्यांची एक रांग आहे आणि त्या रांगेतील बहुतेकांचे चेहरे अंधारात आहेत.

शील्ड्स यांचे आणखी एक काम येथे सांगितलेच पाहिजे. जुन्या कागदांत 'तरुणाचे स्वप्न' शोधणारा हा अभ्यासक मॅगिलिगनच्या हयात गायकांकडेही गेला. तेथील एडी बुचर या गायकाची गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली आणि उत्तर डेरीतील लोकगायनावर १९८१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या गावातल्या मधल्या पिढ्यांची नावे कायमची हरवली, त्याच गावातल्या एका गायकाचे नाव आता गाण्याबरोबर कायमचे राहिले आहे.

आपल्या महाविद्यालयातील मराठी आणि समाजशास्त्र विभागाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी गावोगावची गाणी गोळा करतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, वहीत गाण्याच्या पहिल्या ओळीआधी चार गोष्टी लिहाव्यात : म्हणणारीचे नाव, गाव, तारीख आणि ती हे गाणे कोणाकडून शिकली. नदीचे मूळ शोधू नये असे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. निदान आपल्या घाटावरून नदी वाहत असताना तरी तिच्या काठावर कोण उभे होते, याची नोंद करण्यास कोणाची हरकत नसावी.